तांबीच्या पिंजऱ्याचा हिवाळा

यंदाही जानेवारीत पाचोडहून हुरडा आला. गावाकडून शहरात येणाऱ्या कुणाच्या तरी हाती आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दरवर्षी कणसांची पिशवी पाठवतात. वर ओलं फडकं, खाली डब्यात लसणाची चटणी. पिशवीचं तोंड सोडलं की हिरव्या ज्वारीचा कच्चा, दुधाळ वास स्वयंपाकघरभर होतो. या वासानं लोकांना शेत आठवत असेल, आगटीभोवतीच्या गप्पा आठवत असतील. मला लोखंडी जाळी आठवते. त्या जाळीच्या चौकोनातून बाहेर आलेलं एक कोवळं काळं नाक आठवतं. इतक्या वर्षांनंतरही.

आमच्याकडची थंडी फार नसते, पण कोरडी असते. ओठ फुटतात, टाचा फुटतात. सकाळी हिमायतबागेच्या बाजूनं थोडं धुकं येतं आणि ऊन चढायच्या आत विरून जातं. हडको वसाहतीतल्या आमच्या घराला पुढं छोटासा ओटा आहे आणि त्याच्यापुढं लगेच रस्ता. दुपारी गल्ली इतकी सामसूम होते, की कुणाच्या घरी कुकरची शिटी झाली तरी दचकायला होतं. एरवी या दुपारी माझ्या वाट्याला येत नाहीत. मी शाळेत असते, लहान मुलांना शिकवते. त्या वर्षी मात्र मी रोज घरी होते. बाळंतपणाची रजा आधीच मंजूर झालेली होती. बाळ नसलं तरी रजा होतीच.

तेव्हा एसटीच्या पाटीवर औरंगाबाद असं लिहिलेलं असे. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. दारातली रांगोळी पुसट झाली होती, आकाशकंदील अजून काढायचा होता. एका सकाळी मला वाटलं, पोटातली हालचाल थांबलीय. चहा घेतला, गोड खाल्लं, डाव्या कुशीवर पडून राहिले. मग मिलिंदना, माझ्या नवऱ्याला, कंपनीत फोन केला. पुढचं सगळं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई बोलायच्या थांबल्या, ते आठवतं. कळा दिल्या, त्या आठवतात. आणि बाळंतपणाच्या खोलीत प्रत्येक बाई ज्या आवाजासाठी कान लावून असते, तो आवाज झाला नाही, ते आठवतं. मुलगी होती. सिस्टरनं तिला पांढऱ्या कपड्यात गुंडाळलं.

"मला बघू द्या," मी म्हणाले.

"नका बघू ताई. मनात राहतं," सिस्टर म्हणाली. माझी आई उशाशी होती. तिनंही मान हलवली. सगळ्यांचा हेतू चांगलाच होता. गुंडाळलेलं बाळ दाराबाहेर मिलिंदच्या हातात दिलं गेलं आणि मला फक्त त्या कपड्याचं एक टोक लोंबताना दिसलं.

मिलिंद संध्याकाळी परत आले तेव्हा त्यांच्या बुटांना लाल माती लागलेली होती. ते माझ्या खाटेशेजारी बसले. मी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. त्या दिवशी जे राहिलं ते पुढं तसंच राहत गेलं. घरी आल्यावर आम्ही गॅस संपल्याचं बोलायचो, नळाला पाणी कधी येणार याचं बोलायचो. हॉलमध्ये बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं रोज सकाळी मी मेणबत्ती लावायचे, ते मी बंद केलं. मिलिंदनी ते पाहिलं आणि स्वतः लावायला लागले. भेटायला बायका येत. कुणी म्हणे, तू धडधाकट आहेस हे काय थोडं आहे. कुणी म्हणे, अजून वय आहे. त्या गेल्या की मी कप विसळत बसायची. दूध आटायच्या गोळ्या दिल्या होत्या. छातीला घट्ट फडकं बांधायला सांगितलं होतं. शरीराला कुणी सांगितलंच नव्हतं, की आता कशाची गरज नाही.

अशात एका संध्याकाळी मिलिंद एक खोकं घेऊन आले. वाळूजच्या कंपनीपासून मोटारसायकलवर ते पुढं मांडीत धरून आणलं होतं. खोक्यात जुना टॉवेल आणि टॉवेलात तांबूस रंगाचं एक पिल्लू. थरथरत होतं.

"हे काय?"

"कंपनीच्या गेटवर एक कुत्री होती. काल ट्रकखाली गेली. बाकीची पिल्लं नेली लोकांनी. ही एकटीच राहिली."

"मग?"

ते ओट्यावरच उभे राहिले. खोकं खाली ठेवलं नाही. "नको असेल तर उद्या नेऊन सोडतो," म्हणाले.

मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. त्या दिवसांत मी कशालाच काही म्हणत नव्हते. मिलिंदनी बशीत दूध ओतलं. पिल्लू इतक्या घाईनं तुटून पडलं की नाक बुडून त्याला ठसका लागला.

"ए पोरी, हळू," मिलिंद म्हणाले.

"तिला पोरी म्हणायचं नाही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

त्यांनी मान खाली घातली. त्यानंतर बरेच दिवस पिल्लाला नाव नव्हतं. आम्ही 'ती' म्हणायचो. तिनं खाल्लं का, तिनं घाण केली, तिला आत घ्या.

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडं लस द्यायला नेलं तेव्हा त्यांनी विचारलं, घरी कोण असतं. मी म्हणाले, आत्ता मी असते, फेब्रुवारीत माझी शाळा सुरू होईल. "मग आत्तापासून पिंजऱ्याची सवय लावा," ते म्हणाले. "एकटी घरात मोकळी राहिली तर वायरी चावेल. दार उघडं राहिलं तर थेट रस्त्यावर जाईल." मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. पिंजरा ही शिक्षा वाटता कामा नये, ती तिची खोली व्हायला पाहिजे. आधी नुसतं दार उघडं ठेवायचं. खाणं आत द्यायचं. मग खाते तेवढाच वेळ दार लावायचं, मग थोडं जास्त. "रडेल," ते म्हणाले. "रडत असताना उघडायचं नाही. गप्प झाली की उघडायचं. नाहीतर रडलं की दार उघडतं, एवढंच ती शिकेल."

मिलिंदनी औरंगपुऱ्यातून पिंजरा आणला. घडीचा, काळ्या जाळीचा. दुकानदारानं त्यांना क्रेट म्हणून दिला होता आणि मिलिंदही आवर्जून क्रेट म्हणत. मी पिंजराच म्हणत राहिले. तो ठेवायचा कुठं, हे बघत ते घरभर फिरले. हॉलमध्ये सोफा, स्वयंपाकघरात पाण्याचे ड्रम. घरात एकच कोपरा मोकळा होता, आमच्या खोलीत, खिडकीजवळचा. दिवाळीची साफसफाई करताना मीच तिथलं कपाट सरकवून घेतलं होतं. पाळण्यासाठी.

मिलिंद पिंजऱ्याच्या दोन बाजू हातात धरून दारात उभे राहिले.

"ओट्यावर ठेवू का?"

"थंडीत ओट्यावर? ठेवा तिथंच," मी म्हणाले आणि स्वयंपाकघरात निघून आले. आतून जाळीचे आकडे अडकल्याचे आवाज येत राहिले.

पहिले काही दिवस दार सुतळीनं बांधून उघडंच ठेवलं होतं. आत पोत्याचा तुकडा. दुधात कुस्करलेली भाकरी मी पिंजऱ्याच्या तोंडाशी ठेवायची, मग जरा आत, मग आणखी आत. ती पुढचे पाय आत टाकायची आणि मागचे पाय बाहेर ठेवून अंग ताणून ताणून खायची. कुठं वाजलं की उलट पावली बाहेर. मी फरशीवर भिंतीला टेकून बसलेली असायची. दुसरं काही काम नव्हतं मला. खिडकीतून उन्हाचा पट्टा यायचा, फरशीवरून सरकत पिंजऱ्यात जायचा आणि जाळीची सावली तिच्या पाठीवर पडायची. त्या दुपारी मी काय विचार करत होते ते मला आठवत नाही. बहुतेक काहीच करत नव्हते.

मग दार लावायचा दिवस आला. मिलिंदची दुसरी पाळी होती, ते जेवून निघायच्या तयारीत होते. ती आत खात होती. त्यांनी हळूच कडी लावली. खाऊन झाल्यावर ती वळली, नाकानं दार ढकललं, ते हललं नाही. तिनं एकदा आमच्याकडं पाहिलं आणि रडायला लागली.

कुत्र्याच्या पिल्लाचं रडणं मी आधी कधी जवळून ऐकलं नव्हतं. सुरुवातीला बारीक, नाकातल्या नाकात. मग ते वर चढत गेलं आणि फुटलं. माझ्या छातीत एकदम कळ आली. अंगावरचा ब्लाउज ओला झाला. गोळ्या घेऊन, फडकी बांधून जे थांबलं असं वाटलं होतं, ते त्या आवाजाला ओ देऊन आलं. मी पदर ओढून घेतला.

"उघडा ते."

"थांब जरा. डॉक्टर काय म्हणाले, गप्प झाल्यावर..."

"उघडा म्हणते ना मी!"

"वैशाली, अशानं तिला कधीच सवय लागणार नाही. तुझी शाळा सुरू झाल्यावर काय करणारेस?"

"या घरात पहिल्यांदा कुणीतरी रडतंय," मी ओरडले, "आणि तुम्ही मला सांगता, थांब?"

मिलिंद दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. त्यांचा चेहरा असा झाला, जणू कुणी कानाखाली मारली असावी. मग ते खाली बसले, कडी काढली. ती बाहेर धावली आणि सरळ माझ्या साडीत शिरली. मिलिंद डबा न घेताच कंपनीत गेले. मी दुपारभर ओल्या ब्लाउजनं तशीच बसून राहिले आणि ती माझ्या मांडीवर झोपली. तिच्या पोटात काहीतरी सारखं गुडगुडत होतं. ती जिवंत होती, गरम होती, आणि ती मला नको होती. मला दुसरंच कुणीतरी हवं होतं. हे मी तेव्हा कुणाजवळ बोलले नाही. बोलायला होतं कोण?

तरी दुसऱ्या दिवशी मीच दार लावलं. फेब्रुवारी येणार होता, तो माझ्यासाठी थांबणार नव्हता. या वेळी उठून गेले नाही, जाळीला लागूनच बसले. ती रडली. मी बोटं आत घातली. ती बोटं चाटत रडत राहिली आणि मीही. दिवाळीपासून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं. मग तिला दम लागला आणि ती क्षणभर गप्प झाली. त्या क्षणात मी कडी काढली. असं रोज सकाळी एकदा, दुपारी एकदा. हळूहळू तिच्या रडण्यातले फरक कळायला लागले. बाहेर जायची घाई असली की ते तुटक असायचं. भीती असली की एकसारखं, सूर न बदलता. आणि एक नुसती कुरकुर असायची, झोप येण्याआधीची. त्या कुरकुरीला मी नंतर नंतर उत्तर द्यायला लागले, हं, हं, असं. मला बरं वाटायला लागलं होतं असं नाही. फक्त दुपारला काहीतरी आकार आला होता.

संक्रांतीच्या सुमाराला आत्याबाई आल्या. डोक्यावर हुरड्याची पिशवी, काखेत गोवऱ्यांचं पोतं. पिल्लू पाहून त्या दारातच थांबल्या.

"घरात कुत्रं? आन् त्येबी पिंजऱ्यात? वाघ हाय का गं त्यो?"

"सवय लावतोय आत्याबाई. मी शाळेत गेल्यावर एकटी राहायची आहे ती."

त्यांनी चप्पल काढली, आत येऊन पिंजऱ्यासमोर उकिडव्या बसल्या. "रंगानं तांबी हाय," म्हणाल्या. "आपल्याकडं व्हती की एक गाय, तसली." तेच नाव पडलं.

त्यांनी हात घालून पिंजऱ्यातला पोत्याचा तुकडा चाचपला. "गारठा लई हाय. पोत्यानं काय व्हतंय?" म्हणाल्या आणि आमचं कपाट उघडलं. त्यांना काय काढायचंय ते मला उशिरा कळलं. बाळासाठी त्यांनी आपल्या जुन्या लुगड्यांची एक वाकळ शिवून पाठवली होती. बारीक टाक्यांची, हातभर रुंदीची.

"ती नाही आत्याबाई."

त्या वाकळ हातात घेऊन थांबल्या. मला वाटलं, आता म्हणतील, ठेवून काय करायचंय. त्या म्हणाल्या नाहीत. वाकळ परत घडी घालून होती तिथं ठेवली, कपाट लावलं आणि स्वतःच्या अंगावरच्या शालीचा अर्धा भाग कात्रीनं कापून पिंजऱ्यात अंथरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिलिंद कामावर गेल्यावर त्यांनी गच्चीवर आगटी केली. जुन्या घमेल्यात गोवऱ्या पेटवल्या, निखारे झाल्यावर कणसं खुपसली. मी शेजारी पाटावर. तांबी धुराला शिंकत लांब बसली होती. आत्याबाईंनी पहिलं कणीस बाहेर काढलं, तळव्यांवर चोळलं, फुंकर मारून कोंडा उडवला. हिरवे दाणे तळहातावर राहिले. मला वाटलं मला देतील. त्यांनी ते गच्चीच्या कठड्यावर नेऊन ठेवले.

"हे कुणाला?"

"माझ्या दोघांला," त्या म्हणाल्या. "मिलिंदच्या आधी दोन गेली माझी. एक पोरगा, एक पोरगी. पोरगी चार दीस राहिली, पोरगा तेवढाबी नाय."

लग्नाला इतकी वर्षं झाली होती. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"वरच्या बांधाला पुरलीत, बोरीपाशी," त्या दुसरं कणीस फिरवत म्हणाल्या. "हुरडा निघाला की पयला घास तिकडं ठिवते. कुणाला सांगायचं? ह्यांला सांगितलं नाय कधी. जाता-येता दिसतंय, बास." मग माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "तुला जागा म्हाईत हाय का गं?"

"नाही."

"इचारलं न्हाईस त्येला?"

"नाही."

"इचार," त्या म्हणाल्या. "जागा पायजे बाईला. नायतर सगळीकडंच दिसत राहतंय."

त्यांनी गरम दाणे माझ्या हातावर ठेवले. मी खाल्ले. दिवाळीनंतर पहिल्यांदा मला कशाची तरी चव लागली, आणि ती गोड होती, याचाच मला राग आला.

आत्याबाई गावी गेल्यावर मी मिलिंदना विचारलं. ते सकाळी बूट घालत होते.

"मला तिथं जायचंय."

कुठं, असं त्यांनी विचारलं नाही. नाडी बांधायची थांबली. "कशाला?" म्हणाले. "काही नाहीये तिथं."

"जे आहे ते दाखवा."

बरेच दिवस त्यांनी टाळलं. कधी पाळी बदलली म्हणाले, कधी थंडी फार आहे म्हणाले. मी पुन्हा विचारलं नाही, पण ते टाळतायत हे मला दिसत होतं आणि मला दिसतंय हे त्यांनाही. शेवटी एका रविवारी सकाळी त्यांनी मोटारसायकल पुसली आणि म्हणाले, "चल."

तोवर तांबीची बरीच प्रगती झाली होती. मी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन यायची तेवढा वेळ ती दार लावून आत राहायची. कधी कधी मी आले तरी उठायची नाही. त्या दिवशी तिला बाहेर फिरवून आणलं, आत भाकरी ठेवली, कडी लावली. लवकर येऊ, असं आम्ही एकमेकांना म्हणालो.

गावाबाहेरच्या स्मशानभूमीत मागच्या अंगाला लहान मुलांसाठी जागा सोडलेली आहे. कुंपणाला तारा, तारांत अडकलेल्या पिशव्या. आत लहान लहान उंचवटे, काहींवर काटेरी फांद्या, काहींवर दगड. कुठं बांगड्यांचे तुकडे, कुठं उलटा पडलेला खुळखुळा. मिलिंद पुढं चालत होते. एका कडुलिंबाखाली थांबले. मग मागं वळून पाहिलं, दुसऱ्या लिंबाकडं गेले. तिथून पुन्हा पहिल्याकडं. तिथं लिंबच लिंब होते. पावसाळा नव्हता, पण मधल्या काळात कुणीतरी गवत काढलं होतं, जमीन सारखी केल्यासारखी दिसत होती.

"इथंच होती," ते म्हणाले. "मी मोठे दगड ठेवले होते. तीन आणले होते तिकडून उचलून." ते वाकून जमीन बघायला लागले. "इथं कुठंतरी. वैशाली, इथं कुठंतरीच."

मी खाली बसले. ते अजून फिरत होते.

"दगड कशाला ठेवले होते?"

ते थांबले. "कुत्री उकरतात," म्हणाले. "त्या दिवशीपण एक होती. तिथं, तारेपाशी बसली होती. मी हाकलली, परत आली. दगड मारला, लंगडत गेली आणि पुन्हा येऊन बसली. मी दिवस मावळेपर्यंत इथंच होतो, ती जाईपर्यंत."

मी वर पाहिलं. "आणि तुम्ही घरात कुत्र्याचंच पिल्लू आणलंत?"

"मला नाही सांगता येणार," ते म्हणाले. "आई मेली होती तिची. गेटपाशी थंडीत ओरडत होती. सगळे जात-येत होते. मला नाही सोडून येता आलं. एकदा सोडून आलो होतो ना."

एवढं बोलून ते माझ्यासमोर मातीतच बसले. मग मी विचारलं. इतके दिवस जे विचारलं नव्हतं ते.

"कशी होती?"

त्यांनी सांगितलं. केस खूप होते म्हणाले, कपाळावर आलेले, ओले. नाक त्यांच्यासारखं, जरा बसकं. ओठ मात्र माझे. उजव्या हाताची मूठ घट्ट होती, डाव्या हाताची बोटं उघडी. रिक्षात कपडा सरकला तेव्हा त्यांनी पाय पाहिले. तळव्यांवर सगळ्या रेघा होत्या, चालल्यासारख्या. रिक्षावाल्याला वाटलं बाळ झोपलंय, तो खड्डे चुकवत सावकाश चालवत होता. इथं आल्यावर त्यांनी एकट्यानंच त्रिसरण म्हटलं. बुद्धं सरणं गच्छामि, लहानपणापासून पाठ असलेलं. मध्येच पुढचं आठवेना. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, पुन्हा तिथंच अडलं.

"मी पूर्ण म्हटलंच नाही वैशाली," ते म्हणाले आणि मोठ्यानं रडायला लागले. लांबवर काम करणारा माणूस फावडं थांबवून बघायला लागला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. गप्प व्हा, असं म्हणाले नाही. बऱ्याच वेळानं आम्ही दोघांनी मिळून त्रिसरण म्हटलं. कुठल्या बाजूला तोंड करून म्हणायचं ते कळत नव्हतं, म्हणून सगळ्याच जमिनीकडं बघून.

घरी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. गल्लीच्या तोंडाशीच शेजारच्या काकू भेटल्या. "अहो, किती ओरडली ती! आत्ता कुठं आवाज बंद झालाय," म्हणाल्या. मिलिंद धावले. तांबी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून पडली होती. सगळीकडं घाण झालेली, शालीच्या चिंध्या, जाळी चावून चावून हिरड्यांतून रक्त आलेलं. आम्हाला पाहून तिनं तोंड उघडलं, पण घशातून आवाज आला नाही. नुसती हवा.

मी पाणी तापवलं. मिलिंदनी तिला बाथरूममध्ये घेतलं. ती थरथरत होती, पळून जायचंही बळ तिच्यात नव्हतं. आम्ही दोघं फरशीवर बसून तिला धूत राहिलो. घाण निघाली, रक्त निघालं. मिलिंद तिच्या कानामागं हळू पाणी ओतत होते, आणि मला एकाएकी वाटलं, यांनी आपल्या मुलीला असं धुतलं असतं. मी ते बोलले नाही. तो दिवस पुरे झाला होता.

त्यानंतर ती पिंजऱ्याकडं बघेना. खोलीच्या उंबऱ्यावरच थांबायची. दोन महिन्यांची मेहनत गेली, असं मिलिंद म्हणाले. दुसऱ्या दिवशी आम्ही दाराला पुन्हा सुतळी बांधली आणि भाकरी पिंजऱ्यापासून लांब, उंबऱ्याशीच ठेवली. फेब्रुवारीत माझी शाळा सुरू झाली तेव्हा ती कशीबशी आत जायला लागली होती. पहिल्या दिवशी वर्गात चाळीस मुलं एकदम 'नमस्ते बाई' म्हणाली आणि मला खुर्चीचा आधार घ्यावा लागला. मिलिंदनी पाळी बदलून घेतली होती, त्यामुळं तिला अर्धाच दिवस एकटं राहावं लागे. काही महिन्यांनी तीच दुपारी आपणहून आत जाऊन झोपायला लागली. मोठी झाल्यावर पिंजरा तिला पुरेना, तो आम्ही काढून टाकला. त्या कोपऱ्यात आता शिवणयंत्र आहे.

आम्हाला नंतर मूल झालं नाही. बरेच दवाखाने झाले, मग आम्हीच थांबलो. दर हिवाळ्यात एकदा आम्ही तिथं जातो. आता तिथं भिंत झाली आहे, सिमेंटचे बाक आले आहेत, काही लिंब तोडले आहेत. इथं कुठंतरी, हे अंतर वर्षागणिक वाढत चाललंय. तांबी म्हातारी झाली आहे. तोंड पांढरं पडलंय, मागचे पाय दुखतात, गच्चीचे जिने मिलिंद तिला उचलून चढवतात.

यंदा शेजारी नवीन कुटुंब राहायला आलं, सिल्लोडकडचं. हुरडा आला म्हणून मी त्या बाईंना गच्चीवर बोलावलं. बाई मोकळ्या स्वभावाच्या. कणसं चांगली आहेत म्हणाल्या, कुत्री चावत नाही ना म्हणाल्या. मग सहज विचारलं, "मुलं काय करतात तुमची? बाहेरगावी असतात का शिकायला?"

हा प्रश्न मला नवा नाही. 'नाहीत' म्हणायचं आणि चटणी पुढं करायची, हे मला सरावानं जमतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात मिलिंद बोलले. निखाऱ्यात कणीस फिरवत, वर न बघता.

"एक मुलगी झाली होती आम्हाला. राहिली नाही."

इतक्या वर्षांत परक्या माणसासमोर हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा म्हटलं होतं. मला वाटलं, आता बाई उठून जातील, नाहीतर देवाची इच्छा वगैरे म्हणतील. त्यांनी पदर सावरला.

"नाव काय ठेवलं होतं?" त्यांनी विचारलं.

मिलिंदनी माझ्याकडं पाहिलं.

"ठेवायचं राहिलं," मी म्हणाले.